मेश्रामभाऊंचा अंगरखा

मेश्रामभाऊंनी स्वतःच्या मिशीसाठीसुद्धा पत्र्याचा साचा कापून ठेवला होता. रविवारी आरशासमोर तो ओठावर दाबायचा आणि बाहेर राहील तेवढी मिशी वस्तऱ्याने उडवायची. पोळ्यांचाही साचा होता, त्यामुळे त्यांच्याकडच्या पोळ्या एकसारख्या गोल आणि एकसारख्या कच्च्या असत. कारखान्यातलं त्यांचं कामच ते. पोलादाची जाड प्लेट कापण्याआधी तिचा नेमका आकार पातळ पत्र्यात कापायचा. "आंधी पत्रा, मंग माल!"

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहात, मी त्यांचा शेजारी. ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन असल्यामुळे जगातली कुठलीही रेघ आपल्याला कळते, असा माझा समज होता.

त्या वर्षी आमच्या मंडळींनी चौदा एप्रिलच्या जयंतीला नाटक बसवलं. शत्रू येतो, सगळे पळतात आणि गडाच्या वेशीवरचा महार नाईक एकटा दरवाजा अडवून उभा राहतो. पल्लेदार आवाज आणि त्याहून पल्लेदार पोट या जोरावर नाईक मला मिळाला. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "नाईकाले घोंगडी अन् काठी, बस झालं."

मेश्रामभाऊ ताडकन उठले. "घोंगडी नाही. अंगरखा पायजे. मी शिवतो. माहा बा येऊन राहिला गावावरून पाह्यले."

कोणी हसलं नाही. भाऊंच्या तोंडून घरच्या माणसाबद्दल आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

नागपूरच्या एका नाटकवाल्या शिंप्याकडून त्यांनी जुन्या अंगरख्याचा कागदी नमुना आणवला. पाठ, बाह्या आणि घेराच्या पुष्कळ कळ्या. सुपेल्याच्या बाजारातून किरमिजी कापड आलं. दुकानदाराकडे त्या रंगाचं तेवढंच होतं. नमुना माझ्या मापाला वाढवायचं काम माझ्याकडे. मी तो ट्रेसिंग पेपरवर असा काढला, की साहेबाने बघता क्षणी सही केली असती. भाऊंनी त्याबरहुकूम पत्रे कापले, कापडावर मांडले आणि कात्री उचलून विचारलं, "रेघेवर मारू?"

"रेघ म्हणजे रेघ," मी रुबाबात म्हणालो. "प्लेट काय रेघ सोडून कापता?"

प्लेटला प्लेट भिडवून वेल्डिंग मारतात. कापड मात्र एकावर एक धरून शिवावं लागतं आणि प्रत्येक शिवण दोन्हीकडचं थोडं थोडं खाते. हे पोलादात मुरलेल्या आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नाही. घालून पाहू म्हणालो, तर भाऊ उखडले. "पत्रा बरोबर हाय, तं ट्रायल कायले?"

नाटकाच्या संध्याकाळी मी ड्यूटीवरून थेट कनातीत शिरलो. अंगरखा देखणा झाला होता. एक बाही चढली. दुसरी कोपराशी अडली. दोघांनी ओढली, तेव्हा पाठीत काहीतरी चर्र वाजलं. समोर दोन पल्ल्यांच्या मध्ये वीतभर मी उघडाच.

"श्वास सोड."

"सोडला."

"आखीन सोड!"

"भाऊ, आता फक्त प्राण उरला."

बाहेर पेटी सुरू झाली. सेक्रेटरी डोकावले. "घोंगडी आनू का मंग?"

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. कनातीच्या फटीतून ते बाहेर बघत होते. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ज्याच्यासाठी ती धरली होती तो त्यांचा म्हातारा बाप सगळ्यांच्या मागे, खांबाजवळ, जमिनीवर उकिडवा बसला होता.

"किती वेळा बसवलं खुर्चीवर," भाऊ पुटपुटले. "उठून जाते."

मी अंगरखा काढून त्यांच्यासमोर धरला. भाऊ अंगाने काडी. "तुम्ही घाला."

"येडा झाला का बे? मले एक डायलॉग येत नाही."

"तुम्ही फक्त उभे राहा. मागून मी बोलतो. अन् पाठ दाखवू नका, फाटली आहे."

पडदा सरला. भाऊ भाला दोन्ही हातांनी धरून उभे. मी आडून गरजलो, तेव्हा त्यांचं तोंड मिटलेलं. त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मी वाक्य विसरलेलो. मैदान खदखदलं. "ओ नाईक, आवाज घरी ठेवून आला का?" कोणीतरी ओरडलं. आता हा माणूस पळणार!

भाऊ पळाले नाहीत. त्यांनी मानही खाली घातली नाही. शत्रू अंगावर आला, तसे ते एक पाऊल पुढे झाले. हसणं हळूहळू विरलं. पुढची सगळी वाक्यं मी गिळली. बोलायची गरजच राहिली नव्हती.

खेळ संपल्यावर म्हातारा कनातीपाशी आला, पण आत येईना. भाऊ बाहेर गेले. म्हाताऱ्याने अंगरख्याचा घेर दोन बोटांत धरून चोळून पाहिला.

"कोनाच्या आंगावरून उतरला रे?"

"कोनाच्याच नाही, बा. नवा शिवला."

"मंग सकाळी वापस नाही द्याचा?"

"नाही. आपलाच हाय."

म्हातारा घेर सोडेना. मग इकडेतिकडे बघत, कोणी ऐकणार नाही अशा बेताने म्हणाला, "मंग... मी घालून पाहू का जरासा?"

भाऊ तिथेच, उभ्या उभ्या, अंगरख्याचे बंद सोडायला लागले. त्यांच्या बोटांना गाठ सापडत नव्हती.