वाचव रे देवा, तिसरा मजला

आमच्या प्रार्थना मंडळाची हाक आजवर कधी वाया गेलेली नाही, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते! म्हणूनच भावजींची नोकरी वाचवायचं मी मनावर घेतलं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लोक मोबाइलवर चारचौघांसाठी जे लिहितात ते सतत वाचणारी एक यंत्रणा त्यांनी तयार केली होती. एकाच पत्त्याबद्दल पुष्कळजण एकदम घाबरून लिहू लागले, की तिथे काहीतरी घडलंय हे ओळखून ती परस्पर अग्निशमन दलाला कळवायची. त्या दिवशी साहेबांसमोर तिची परीक्षा होती. ती नापास झाली, तर भावजी घरी. मागची नोकरी गेली तेव्हा वर्षभर घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं.

मी मंडळाच्या बायकांना निरोप धाडला. परीक्षा सुरू झाली, की प्रत्येकीने मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, 'देवा, यांना वाचव.' खाली कचेरीचा पूर्ण पत्ता, मजल्यासकट. उगाच देवाला शोधाशोध नको. जप पुरा होईपर्यंत माझं मौन असतं, तो माझा रोजचाच नेम.

नेमके भावजी चष्मा विसरून गेले. तो मी कचेरीत नेऊन दिला आणि तिथेच दाराबाहेरच्या बाकावर डोळे मिटून जपाला बसले.

आत पडद्यावर लाल खूण उमटली. साहेब खूश झाले.

"वा! कुठे घडलंय हे?"

भावजींनी चष्मा नीट करून वाचलं. "इथेच, साहेब."

मग जी पळापळ झाली! साहेब जिन्यात घसरले, त्यांचा पाय मुरगळला. शिपायाने मला काय झालं म्हणून विचारलं. मी हातानेच 'काही नाही' अशी खूण केली, तर धुराने बाईंची वाचा गेली म्हणून तो सांगत सुटला. तोवर बंब येऊन पोचले होते; एका जवानाने मला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. खाली बघ्यांनी माझे फोटो काढून मोबाइलवर सगळ्यांना दाखवले, पत्त्यासकट वर लिहिलं, 'एक महिला अत्यवस्थ.' यंत्रणेने तेही इमानेइतबारे वाचलं आणि आणखी बंब मागवले.

खांद्यावरच माझा जप पुरा झाला. "आग नाहीये, दादा. प्रार्थना आहे," मी हळूच म्हणाले. त्याने मला अलगद खाली ठेवलं आणि डोक्याला मार लागलाय का ते तपासलं.

संध्याकाळी भावजी जेवायला उठले नाहीत. उद्यापासून यायची तसदी घेऊ नका, असं लंगडत लंगडत साहेब स्वतः सांगून गेले होते. मी सगळं कबूल करून माफी मागितली. भावजींनी अजून पायातले बूटही काढले नव्हते.

"वहिनी, यंत्रणा चुकली नाही हो. संकट आलंच होतं. तिला फक्त ते आगीचं वाटलं."

मी मान खाली घालून स्वयंपाकघरात आले, तोच मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन. काही गुण आला का, असं फार आशेने विचारत होत्या.

"हाक पोचली हो, ताई," मी म्हटलं. "पण देवाच्या आधी बंबवाल्यांना पोचली."