न सांगणारे मास्तर

लग्न होऊन मी बेळगावहून बेंगळूरला आले, त्याच आठवड्यात शेजारचे नरसोजीराव मास्तर कुंपणाशी येऊन म्हणाले, "वहिनी, दोरीवर काय वाळतंय?"

"साडी," मी म्हटलं.

"सरी. कुणाची?"

"माझी."

"आणि साडीजवळ कोण उभं आहे?"

मी वळून पाहिलं. एका गाईनं अर्धा पदर खाऊन टाकला होता. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अहो, आधीच सांगायचं ना!"

"आपण सांगायचं नसतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "समोरच्याला शोधू द्यायचं."

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. मास्तरांचं घराणं कैक पिढ्या बेंगळूरचं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं, की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. 'बरोबर' म्हणायचं असलं की तोंडून कानडी 'सरी'च निघे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. जवळच्या लहानशा शाळेत ते दुसरी-तिसरीला शिकवायचे, आणि शाळा सुटली तरी त्यांचा वर्ग सुटत नसे. शिवाजीनगरच्या बाजारात ते भेंडीवालीला विचारत, "ही भेंडी काल कुठं होती? परवा कुठं होती?" ती वैतागून म्हणे, "घ्या अण्णा, नाहीतर सोडा, पण परीक्षा घेऊ नका!"

अशा माणसावरच परीक्षेची वेळ आली. नवा नियम निघाला: ट्रेनिंग न झालेल्या शिक्षकांनी शिक्षणपद्धतीचा लेखी पेपर द्यायचा. पास व्हाल तर पक्के शिक्षक, नाहीतर शाळेला तुम्हाला ठेवता येणार नाही. अण्णांचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. त्यांनी पेपर दिला आणि सपशेल नापास झाले.

"अवघड होता का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"छे. 'वर्गातली शिस्त म्हणजे काय' असं विचारलं होतं."

"मग तुम्ही काय लिहिलं?"

"मुलं गप्प बसली म्हणजे शिस्त आली, असं आपल्याला वाटतं का?"

"अहो अण्णा, पेपर तपासणाऱ्याला उलट प्रश्न विचारायचा नसतो!"

"त्यानं शोधायला नको?" अण्णा म्हणाले. पुढच्या वर्षीही त्यांनी शोधायला लावलं, आणि पुन्हा नापास झाले. तेव्हा मात्र त्यांचा आवाज खाली आला. त्या उन्हाळ्यात ते भेंडीवालीशीही मुकाट्यानं व्यवहार करायला लागले. ती मला म्हणाली, "बाई, अण्णांना बरं नाही का?"

आणि मग नियम पुन्हा बदलला. ज्यांची नोकरी बरीच वर्षं झालीय, त्यांना लेखी पेपर माफ. इन्स्पेक्टरसमोर एक पाठ घेऊन दाखवायचा. आमच्या घरी आनंदीआनंद झाला. ह्यांनी आदल्या संध्याकाळी अण्णांना समोर बसवून बजावलं, "एकदाच, फक्त उद्या, मुलांना सरळ सांगून टाका. साहेबांना वेळेत पाठ संपलेला लागतो."

अण्णांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते काही कळलं नाही.

वर्गात काय झालं ते हेडमास्तरांनीच पाठाच्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे येऊन सांगितलं. पाठ सावलीचा होता. सकाळी लांब असलेली सावली दुपारी आखूड का होते? पुढच्या बाकांवरचे हात भराभर वर झाले. अण्णांनी विचारलं मात्र सगळ्यात मागच्या मुलीला. ती वर्षभर वर्गात तोंड उघडत नसे. ती उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. अण्णा थांबले. साहेब खाकरले. हेडमास्तरांना घाम फुटला. साहेबांनी घड्याळ काढलं, तरी अण्णा खडू हातात धरून तसेच उभे, जसा काही सगळा दिवस तिच्यासाठीच राखून ठेवलाय. घंटेला थोडाच वेळ उरला असताना पोरगी हळूच म्हणाली, "तेव्हा सूर्य डोक्यावर येतो म्हणून?"

"सरी!" अण्णा म्हणाले आणि घंटा झाली. पाठ अर्धाच राहिला होता.

"मग?" मी हेडमास्तरांना विचारलं.

"साहेबांनी त्या मुलीलाच जवळ बोलावून नाव विचारलं. तिनं सांगितलं, तेही मोठ्यानं. जाताना मला म्हणाले, 'या मास्तरांना पक्कं करा.'"

मी लगेच केसरीभात केला आणि डबा घेऊन अण्णांकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. त्यांची थोरली बहीण अक्का त्यांच्याकडे असते, एवढंच मला ठाऊक होतं. त्या बाहेर कधी दिसत नसत. आत त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अर्धं अंग लुळं. तोंड एका बाजूला ओढलेलं. समोर जमिनीवर अण्णा बसले होते. अक्का काहीतरी बोलायची धडपड करत होत्या. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. त्यांना काय विचारायचंय ते मलासुद्धा कळलं होतं. माझ्या ओठांवर उत्तर आलं, तेवढ्यात अण्णांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थोपवलं.

"सावकाश, अक्का," ते म्हणाले. "मला घाई नाही."

बराच वेळ गेला. "पा... पास?" अक्का म्हणाल्या.

"होय अक्का. पास झालो."

अक्कांच्या चांगल्या बाजूचा ओठ वर गेला. मग त्यांनी पुन्हा श्वास घेतला. त्यांना अजून काहीतरी म्हणायचं होतं. मी डबा खाली ठेवला आणि अण्णांशेजारी बसले.