मुनीरचाचांची कमान

मुनीरचाचांनी मला राखलं, हे आधी लिहितो. काय घडलं ते मागाहून.

चाचा म्हणजे संभाजीनगरच्या भरबाजारातल्या जुन्या मशिदीची देखभाल करणारे म्हातारे. बोटाच्या पेरानं भिंत ठोकायची, कान लावायचा आणि गिलावा आतून सुटलाय का ते सांगायचं, ही त्यांची खोड. तिथवर ठीक. पण तीच परीक्षा ते माणसांचीही घेत. मी कामावर गेलो त्या दिवशी माझ्या पाठीवर दोनदा ठोकून म्हणाले, "खाली बजरा. खाना नै खाया ये." खरंच खाल्लं नव्हतं.

मी पिशोर गावचा. आठवीत शाळा सुटली. दोन वर्षं पाऊस नाही, रानात मजुरी नाही, म्हणून शहरात आलो. पडेगावाकडं इमारती उठत होत्या, तिथं सिमेंटचा गिलावा शिकलो. मशिदीत मात्र सिमेंट बंद. चुना, वाळू, गूळ, बेलफळाचं पाणी. मुकादमानं बजावलं होतं, "सिमेंट दिसलं की त्याच दिवशी पिशोरची गाडी धरायची."

मशिदीचा इतिहास चाचांना विचारावा लागत नसे. सावलीला टेकलेल्या गिऱ्हाइकालाही ते कमान दाखवत. "वरचा दगड खालच्याला दाबतो, खालचा वरच्याला सोडत नाय. ना खिळा, ना सळई. नवरा-बायकोचं भांडण हाय, म्हणून टिकलं." कुणी बांधली म्हणून एखाद्यानं बादशहाचं नाव काढलं, तर चिडत. "बादशहानं पाटी उचलली व्हती का?"

टँकर कधी यायचा, कधी नाही. आणि चुन्याला तर आठ दिवस ओलं ठेवावं लागतं. चाचांनी त्यावर तोड काढली होती. नमाजाआधी लोक हातपाय धुतात ते पाणी पन्हळीनं पिंपात यायचं आणि पिंपातून भिंतीवर. कुणी नळ मोठा सोडला की ओरडायचे, दुष्काळ आहे. बारीक सोडला तरी ओरडायचे, "दीवार प्यासी है, मियाँ."

मधल्या कमानीवर माझा चुना दोनदा घसरून पडला. तिसऱ्यांदा पडला तर मुकादम घालवणार, या भीतीनं मी पडेगावाहून आणलेलं दोन मुठी सिमेंट घमेल्यात टाकलं. गिलावा बसला. सकाळी चाचांनी ठोकलं, पण कान लावला नाही. माझ्याकडं नुसतं बघितलं. मागून मुकादम आला. त्यालाही करडा रंग दिसला.

"कुणी केलं हे?"

मी घमेलं पायानं मागं सारलं.

"मैंने करवाया," चाचा म्हणाले. "देखना था, कितना बुरा दिखता."

"चाचा, तुम्ही तर सिमेंटच्या गोणीवर बसतसुद्धा नाही."

"इसीलिए देखना था."

मुकादम हात जोडून गेला. चाचा मला रागावले नाहीत. छिन्नी हातात दिली. सगळं उकरून काढलं, मग ते शेजारी बसले. "चुन्याला घाई चालत नाय. थापी मार, थांब. पुन्हा मार." दोन दिवसांत कमान झाली.

आठव्या दिवशी, काम संपलं म्हणून मी निघतो म्हणालो. "अभी गीली है," म्हणाले. दहाव्या दिवशीही तेच. बाराव्या दिवशी दुपारी चहा पिऊन आलो, तर पिंप कोरडं आणि चाचा स्वतःच्या प्यायच्या सुरईतलं पाणी कमानीवर शिंपडत होते. कमान कधीची पांढरीफटक वाळली होती.

मला बघून थांबले. म्हणाले, "माझा पोरगा आखातात टायली बसवतो. चुना कधी शिकलाच नाय." मग सुरई खाली ठेवली. "और दो दिन. बस."

मी थापी घेतली आणि वाळलेली कमान आणखी दोन दिवस घोटत बसलो.

आता मी सुरतेत आहे. उंच इमारती, सगळं सिमेंट. काम पक्कं मिळालं, तरी कधी काढून टाकतील याची रोज धाकधूक असते. मशिदीमागं चाचांची एक खोली आहे. तिचा गिलावा विटेपर्यंत गळलाय, कारण उरलेला चुनासुद्धा ते मशिदीलाच लावतात. एकदा जाईन. ती खोली चुन्यानं करून देईन, आणि ओली ठेवायला ते म्हणतील तितके दिवस राहीन.