सहा ते सात

"काका गेल्यापासून पाणी गरमच येत नाही," वरच्या भाडेकरूनं तिसऱ्यांदा सांगितलं. "नवा गीझर बसवा, नाहीतर मी दुसरी खोली बघतो."

दार लावून आई लेकीकडे वळली. "ऐकलंस? ते होते तोवर बरं गरम येत होतं! बाईमाणूस एकटी दिसली, की झालं यांचं सुरू."

पण वर माणसाची चाहूल असली, तरच आईला खाली झोप लागायची. तेव्हा गीझर घेणं भाग होतं.

"आधी वायरमनला जुना तर दाखवू," लेक म्हणाली.

"मुळीच नको. ठणठणीत असला तरी उघडून बिघडवेल."

दुकानदारानं पंचवीस लिटरचा सुचवला. आईनं डोळे बारीक केले. "एकट्या माणसाला पंचवीस? तुमचं आणि त्याचं आधीच बोलणं झालेलं दिसतंय." त्यानं मुकाट्यानं पंधराचा पुढे केला. इतक्या लवकर कसा उतरला, म्हणून तिचा संशय आणखी वाढला. शेवटी ज्याच्याकडे दुकानदारानं बोटही दाखवलं नव्हतं, तो कोपऱ्यातला दहा लिटरचा तिनं घेतला.

वायरमननं तो बसवला. तासाभरानंही पाणी गारच.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली.

वायरमननं टेस्टर लावला. "काकू, इथं करंटच येत नाही. ही वायर खाली तुमच्याकडे जाते."

वायर गेली होती थेट वडिलांच्या कपाटामागे. चार महिने ते कुणी उघडलं नव्हतं. लेकीनं शर्ट बाजूला सारले. मागच्या फळीला चौकोनी भोक, त्यात बटण, खाली वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'वरचा गीझर. सहाला चालू, सातला बंद. भाडेकरूस सांगू नये.'

"रोज सहाला कपाटात डोकं घालायचे," आई म्हणाली. "मला वाटायचं, डॉक्टरांनी बंद केलेलं गोड चोरून खातात. दोनदा झडती घेतली मी!"

"मग बटण नाही दिसलं?"

"मी खिसे बघितले."

"म्हणजे जुना चांगलाच होता," वायरमन पुटपुटला.

"म्हटलं नव्हतं मी, ठणठणीत आहे म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सहाला आईनंच बटण दाबलं. सव्वासातला लेक उठून आली, तर आई अजून कपाटापाशी, शर्टांत तोंड घालून उभी.

"आई, सात वाजून गेले."

"माहितीये. किती पाणी वाया घालवतो, ते ऐकतेय."

कपाटातून वरचं काहीही ऐकू येत नव्हतं. लेक पुन्हा जाऊन पडली.

त्या दिवशी भाडेकरूनं आठपर्यंत आंघोळ केली.