हकीम तुमचीच समजा

कैरोजवळच्या एका जुन्या शस्त्रकारखान्याच्या संग्रहालयात सकाळी साडेदहाला रुश्दी अब्देल गवादने 'हकीम' नावाची सरकारी रायफल पाहुण्याला देऊन टाकली. देण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता.

पाहुणा स्वीडनचा. तोर्केल लिंडाल नाव, तिकडच्या एका शस्त्रसंग्रहालयाचा माणूस, अरबी बोलायचा पण अगदी पुस्तकातली. रुश्दी पन्नासच्या दशकात याच कारखान्यात फिटर होता आणि निवृत्तीनंतर इथली काचेची कपाटं सांभाळायचा. तासभर दोघांचा रायफलीच्या खानदानावरून वाद चालला होता. तोर्केलच्या मते हकीम ही स्वीडिश रायफलीची लेक, आणि तिच्यानंतरची छोटी रशीद ही नात. ती बनवायची यंत्रंसुद्धा स्वीडनहूनच आलेली, हे रुश्दीलाही कबूल होतं.

"यंत्रं तुमची, अक्कल इथली," रुश्दी म्हणाला. "तुमची बारीक काडतूस खायची, आमची जाड पचवते. आणि ही तोटी बघा. गोळीमागचा वायू किती घ्यायचा ते हिच्यावर ठरतं. वाळू असो, जुनाट काडतूस असो, अडायचं काम नाही. हिच्या खाचा या हातांनी घासल्यात."

"अंगठा चावायची खोड मात्र आमचीच," तोर्केल म्हणाला. त्याने वरचं झाकण सफाईने मागे ओढलं, अंगठा वेळेत काढून घेतला आणि मनापासून म्हणाला, "फार सुंदर आहे."

आता पाहुण्याने एखाद्या वस्तूची तारीफ केली की 'तुमचीच समजा' म्हणायचं, आणि पाहुण्याने 'तुमच्याकडेच शोभते' म्हणायचं, ही इथली रीत. रुश्दीने आजवर स्वतःचं घड्याळ, नवा कोट आणि एकदा तर मेहुण्याची स्कूटर अशीच देऊन टाकली होती. सगळं अजून जागच्या जागी होतं.

"तुमचीच समजा," तो म्हणाला.

"आभारी आहे," तोर्केल म्हणाला. "आमच्याकडे आजी आहे, नात आहे. हीच तेवढी नव्हती. कागदपत्रं कुणाकडे करायची?"

रुश्दी तडक संग्रहालयाच्या प्रमुख नर्मीनबाईंच्या खोलीत गेला.

"काका, पेन्शन जड झालीय का तुम्हाला?" बाईंनी सगळं ऐकून विचारलं. "सरकारी बंदूक म्हणजे काय घरची बसबुसा, की घ्या अजून एक वडी?"

"मी फक्त बोललो हो."

"मग जा आणि सांगा, मिळणार नाही म्हणून."

"पाहुण्याला? दिलेला शब्द मागे घेऊ? त्यापेक्षा पेन्शन गेलेली बरी."

बाईंनी थोडा विचार केला. "मूळची रायफल त्यांच्याकडे आहेच ना? मग नक्कल कशाला नेतील? सांगा, ही नुसती नक्कल आहे."

'नक्कल' या एका शब्दावरून रुश्दी चाळीस वर्षं चहाच्या दुकानात भांडत आला होता. त्यापायी त्याने एका व्याह्याशी बोलणंही सोडलं होतं.

"दुसरं काही सांगितलं तर?"

"दुसरं काही सुचतंय?"

सुचत नव्हतं. तो परत गेला आणि कपाटाकडे बघत म्हणाला, "साहेब, खरं सांगायचं तर नक्कल आहे ही. सगळं तुमचंच."

"आणि ही तोटी?"

"तीही," रुश्दी म्हणाला. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"आमच्या रायफलीला तोटी नाही," तोर्केल म्हणाला. "तीस वर्षं खोलतोय मी ती."

दारात उभ्या असलेल्या बाईंनी ओळखलं, की डाव फसला. त्या पाहुण्याला चहाला घेऊन गेल्या, दार लावलं आणि इथली रीत त्याला नीट समजावून सांगितली. तोर्केलचे कान लाल झाले. रुश्दीला यातलं काही कळलं नाही. तो इकडे उगाच काच पुसत बसला होता.

तोर्केल परत आला. "काका, आमची रायफल थंड हवेत, घरच्याच काडतुसांवर वाढली. ही तोटी आमच्याकडे कुणाला सुचली नाही. ही नक्कल नाही. आमच्या रायफलीखालच्या पाटीवर मी तसं लिहीन."

हे रुश्दीला आजवर कुणी म्हणालं नव्हतं, कारखान्यातले साहेब नाहीत, जावईही नाही. त्याने हकीम उचलली आणि तोर्केलच्या हातात ठेवली.

"घेऊन जा. मनापासून देतोय."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

तोर्केलने रायफल अलगद परत केली आणि छातीवर हात ठेवला. "तुमच्याकडेच शोभते."

"अहो, खरंच न्या."

"तुमच्याकडेच शोभते."

"अल्लाची शपथ घालतो, न्या."

"तुमच्याकडेच शोभते," तो तिसऱ्यांदा म्हणाला, आणि सगळं बिनचूक जमल्याच्या समाधानात गाडीत जाऊन बसला.

रुश्दी हकीम कवेत धरून दारात उभा राहिला.

"पटकन शिकला की नाही?" बाई म्हणाल्या.

"शिकला," रुश्दी म्हणाला. "पण खरं देतो तेव्हा घ्यायचं असतं, हे कोण शिकवणार त्याला?"