कॅरॅव्हॅनच्या टपावर गुणवंतराव

गुणवंतराव ताम्हाणे छातीवर हात ठेवून सांगत, की उभ्या आयुष्यात आपण कुणाचा हेवा केला नाही. सांगून झालं की छातीवरचा हात हळूच काढत आणि म्हणत, "म्हणजे, एक तो राजन सोडून." मग थोडा विचार करून, "आणि तोही रोज नाही. शुक्रवारी सुट्टी असते."

(सुट्टी ऑफिसला असे, हेव्याला नसे. उलट शुक्रवारी राजन दिवसभर घरी सापडत असल्यामुळे हेवा ओव्हरटाइम करी.)

राजन गुप्ते दुबईतल्या देरा भागात, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहायचा. त्याचं काय चांगलं होतं हे विचारण्यापेक्षा काय वाईट होतं ते विचारणं सोपं. काही नव्हतं. डोक्यावर भरगच्च केस होते. गुणवंतराव म्हणत, आपले केस इथल्या पाण्यानं गेले. पाणी दोघांच्या नळाला एकाच टाकीतून येई, पण हे त्यांना कुणी तोंडावर सांगत नसे. राजनला ड्रायव्हिंगचं लायसन पहिल्याच टेस्टला मिळालं होतं. गुणवंतरावांना कितव्या टेस्टला मिळालं हे विचारलं की त्यांना एकदम ऑफिसचा फोन आठवे.

हेही सगळं त्यांनी पोटात घातलं असतं. पण प्रमिलाताई, म्हणजे त्यांची स्वतःची, लग्नाची बायको, दिवसातून एकदा तरी म्हणायची, "राजनभावजी बाई किती शांत!" हे वाक्य गुणवंतरावांच्या पोटात जात नसे. ते छातीतच अडकून बसे आणि रात्री जळजळे. (त्यावर ते इनो घेत.)

अशात राजनच्या ऑफिसमधला एक गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला आणि जाताना आपली कॅरॅव्हॅन राजनला स्वस्तात देऊन गेला. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे बांधून ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, बेसिन, शेगडी, सगळं. गुणवंतरावांनी किंमत विचारली. राजननं दिऱ्हममध्ये सांगितली. दिऱ्हममध्ये तो आकडा म्हणावा तसा बोचेना, म्हणून त्यांनी मोठ्यानं रुपये केले. रुपयांत व्यवस्थित बोचला.

"आणि गुणवंतराव, टपावर डिजिटल डिश बसवलीय," राजन म्हणाला. "आपलं मराठी चॅनेल वाळवंटातही दिसतं!"

झालं. त्या काळी डिजिटल हा शब्द नुसता उच्चारला तरी माणूस उंच वाटे. गुणवंतरावांच्या घरी गच्चीवरच्या जुन्या डिशचं चित्र येई, त्यात नायिकेच्या तोंडावरून कायम मुंग्या चालत. तिच्या नवऱ्याला दुसरी बायको आहे की मिशा, हे अंदाजानं ओळखावं लागे. तरी आजवर प्रमिलाताईंची तक्रार नव्हती. ती आता सुरू झाली.

त्या आठवड्यात मालिका ऐन रंगात आली होती. नायिका मंडपात उभी, समोर नवरदेव, आणि मंडपाच्या दारात तिचा मेला म्हणून श्राद्ध घातलेला पहिला नवरा. हार कुणाच्या गळ्यात पडणार ते शुक्रवारी कळायचं होतं. भारतात रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला.

"शुक्रवारी फुजैराला चला," राजन म्हणाला. त्याची बायको अर्चना माहेरी पुण्याला गेली होती, त्यामुळे तो एकटाच होता. "समुद्राकाठी कॅरॅव्हॅन लावू. वहिनी, तुमची मालिका काचेसारखी स्वच्छ दाखवतो."

"मुंग्या नाहीत?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"डिजिटलला मुंग्या नसतातच. दिसलं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही."

"मी येणार!" प्रमिलाताई म्हणाल्या. गुणवंतराव येणार का, हे कुणी विचारलं नाही. ते आले.

वाटेत प्रमिलाताईंना गाडी लागते म्हणून त्या पुढे, राजनच्या शेजारी बसल्या. मागे गुणवंतराव, त्यांची कन्या तनया आणि मांडीवर बर्फाची पेटी. फुजैराचे डोंगर येईपर्यंत त्यांचे गुडघे गारठले आणि बाकीचं सगळं पेटलं होतं.

समुद्राकाठी पोचल्यावर राजननं कॅरॅव्हॅन लावली, टपावर चढला, होकायंत्र धरलं, डिश इकडून तिकडे फिरवली, आणि खाली चौदा इंची टीव्हीवर चित्र लखकन उभं राहिलं. इतकं स्वच्छ, की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कपाळावरची टिकली जरा डावीकडे सरकलेली दिसली.

"अगं बाई, राजनभावजी!" प्रमिलाताईंनी चक्क टाळी वाजवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, गुणवंतरावांना टाळी कधी मिळाली नव्हती. त्यांनी कुकरची शिट्टी दुरुस्त केली तेव्हाही नाही. (ती पुन्हा बिघडली, ही गोष्ट वेगळी.)

त्याच क्षणी त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. फार मोठा नाही, चार बोटांचा. ही डिश दुपारी कुणी नसताना चार बोटं सरकवायची. साडेसहाला पडदा काळा. राजनचा चेहरा त्याहून काळा. प्रमिलाताई हवालदिल. मग आपण शांतपणे टपावर चढायचं, डिश चार बोटं परत सरकवायची, चित्र हजर! आणि टाळी आपल्याला.

जेवणं झाली. राजन तनयाला घेऊन पाण्यात पोहायला गेला, प्रमिलाताई आत पलंगावर कलंडल्या. गुणवंतराव शिडीवरून टपावर गेले. डिश नेमकी कुठे बघतेय याची खूण ठेवायला हवी होती. तिच्या मागे उभं राहून त्यांनी एक डोळा मिटला. समोर समुद्रात तेल भरून घ्यायला आलेली जहाजं नांगर टाकून उभी होती. डिश बरोबर एका लाल धुरांड्याच्या जहाजाकडे बघत होती. "लाल धुरांडं," असं स्वतःशी घोकत त्यांनी डिश चार बोटं उजवीकडे ढकलली आणि मांजरासारखे खाली उतरले.

आता यात त्यांची अक्कल किती कमी पडली, हे ठरवण्याआधी एक लक्षात घ्या. गुणवंतरावांची नोकरी देराच्या धक्क्याजवळ. तिथे लाकडी जहाजं एकमेकांना खेटून उभी असतात. फ्रिज चढतात, टायर चढतात, कांदे उतरतात, नाखवा म्हणतो उद्या निघू इन्शाल्ला, आणि तोच उद्या पुढच्या महिन्यात उजाडतो. जहाज ही बिल्डिंगसारखी जागेवर राहणारी वस्तू आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत झालं होतं.

संध्याकाळी राजन बाहेर सुरमई भाजू लागला. प्रमिलाताई गजरा माळून टीव्हीसमोर बसल्या. (मालिकेतलं असलं तरी लग्न ते लग्न.) तनयानं बटण दाबलं. पडदा काळा.

"बाबा! नो सिग्नल!"

"राजनभावजी!" प्रमिलाताई किंचाळल्या. "हार पडायची वेळ झाली हो!"

राजन चिमटा टाकून धावला. गुणवंतरावांनी त्याला शिडीशीच अडवलं. "तू मासे बघ. मी आहे ना!"

"अहो, होकायंत्र तरी घेऊन जा."

"ठेव तुझं होकायंत्र. अनुभवही काही चीज असते, हबीबी."

टपावर जाऊन त्यांनी ऐटीत कंबरेवर हात ठेवले, एक डोळा मिटला आणि समुद्राकडे पाहिलं.

लाल धुरांडं नव्हतं.

त्यांनी दुसरा डोळा मिटून पाहिलं. दोन्ही उघडून पाहिलं. जहाज तेल भरून, नांगर उचलून, त्यांना न विचारता खलास निघून गेलं होतं. त्याच्या जागी तिथे एक हिरवं उभं होतं. लांब आणखी एक लाल दिसत होतं, पण ते तेच का त्याचा भाऊ, हे सांगायला कुणी नव्हतं. त्यात अंधारून यायला लागलं होतं, आणि सगळी जहाजं मिळून नुसती दिव्यांची माळ झाली.

"आलं का?" त्यांनी डिश अंदाजानं चार बोटं डावीकडे ढकलून विचारलं.

"नाही!"

"आता?"

"नाही!"

"आता आलंच असणार!"

"बाबा, कॅमल्स!"

"काय?"

"उंटांची शर्यत लागलीय!" प्रमिलाताईंचा आवाज चढला. "उंटांचं लग्न बघायला आणलंत का मला एवढ्या लांब?"

आणखी ढकललं. एक अरबी शेफ आला, हमूस नावाची छोल्यांची चटणी करणारा. तनया म्हणाली, "बाबा, कीप इट, ही इज फनी." प्रमिलाताई म्हणाल्या, "खबरदार!" शेफ गेला. त्याच्यामागे काहीच आलं नाही.

"गुणवंतराव, मी येऊ का?" खालून राजन. आवाजात राग नाही, टोमणा नाही, साधी काळजी. या माणसात हाच तर दोष होता.

"नको!" गुणवंतराव ओरडले आणि त्या ओरडण्याच्या जोरानं त्यांचा पाय सरकला. पडू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी डिश कवटाळली. डिश त्यांच्यासकट वाकडी झाली, त्यांचं एक ढोपर टपावर टेकलं, दुसरा पाय शिडीकडे लांब गेला, आणि आतून एकच जल्लोष उठला.

"आलं! आलं! मंडप दिसतोय!"

गुणवंतराव आनंदानं उठायला गेले.

"गेलं!!"

पुन्हा होते तसे झाले.

"आलं! अहो, आहात तसेच राहा! हलू नका!"

आणि ते राहिले. डिजिटलची हीच तर गंमत. जुन्या डिशला माणूस हलला तर मुंग्या वाढत. इथे हाताला जरा कंप सुटला की नवरदेवाचे चौकोनी तुकडे पडत.

"अहो, श्वास जरा हळू घ्या, तिचं नाक वेगळं झालंय!"

किनाऱ्यावरून चालणारा एक टॅक्सीवाला, मुनीर, शिडीखाली थबकला. उरल्यासुरल्या उजेडात टपावर एक माणूस भल्यामोठ्या थाळीला मिठी मारून एका ढोपरावर बसलेला.

"भाईसाब, सब खैरियत?"

"खैरियत है," गुणवंतराव मान न वळवता म्हणाले. "लेकिन हिल नहीं सकता."

"अल्ला सब्र दे," म्हणून मुनीर निघून गेला.

टपाला हवेसाठी एक झडप होती. तिच्या फटीतून गुणवंतरावांना खालचं बोटभर दिसायचं. एक ताट. त्या ताटात राजनचा हात सुरमईची तुकडी वाढताना. मग लिंबाची फोड. मग प्रमिलाताईंची बांगडी. वास सगळा वर येत होता. तुकडी एकही नाही. आतून प्रमिलाताईंचं हसू ऐकू आलं. असं हसू त्यांनी साखरपुड्यानंतर ऐकलं नव्हतं. काय बोलत असेल तो राजन? त्याला असं काय गमतीचं सुचतं? त्यांच्या मनात आलं, डिश सोडून द्यावी, होऊ देत दोन्ही नवऱ्यांचे तुकडे. पण सोडली तर राजन वर येणार, लावणार, आणि टाळी पुन्हा त्याला. म्हणून ते धरून राहिले. आपल्याच हातांनी आपलंच नुकसान आपण इतकं घट्ट धरून बसलोय, हे त्यांना दिसत होतं, पण नाकावर डास बसलेला असताना माणूस फार खोल विचार करू शकत नाही.

"जाहिरात लागली!" प्रमिलाताईंनी सवलत दिली. "आता काय खाजवायचं ते खाजवून घ्या!"

अखेर हार पडला. (पहिल्याच्या गळ्यात.) मालिका संपली. गुणवंतराव खाली उतरले तेव्हा त्यांचे हात वरच राहिले होते, कुणाला तरी शरण आल्यासारखे. राजन डोळे चोळत बाहेर आला, त्यानं ते दोन्ही हात धरून हळूहळू खाली आणले आणि म्हणाला, "गुणवंतराव, मानलं तुम्हाला!" मग तो आणि तनया निखारे विझवायला गेले.

गुणवंतराव प्रमिलाताईंच्या शेजारी वाळूत बसले. हातात थंड झालेल्या सुरमईचं शेपूट होतं. तरी छाती फुगलेली होती.

"मग?" ते म्हणाले. "आज चित्र कुणामुळे दिसलं?"

"तुमच्यामुळेच," प्रमिलाताई म्हणाल्या. "दुपारी गेलं ते तुमच्यामुळे, संध्याकाळी आलं तेही तुमच्यामुळे."

गुणवंतरावांच्या हातातलं शेपूट वाळूत पडलं. "दुपारी? काहीतरीच. दुपारी मी..."

"टपावर होतात. मी झोपले नव्हते. तुम्ही चढलात तशी अख्खी कॅरॅव्हॅन बोटीसारखी डुलली. राजनभावजी आणि तनया तर पाण्यात होते. मग वर काय समुद्रपक्षी चढला होता, ढेरीवाला?"

गुणवंतरावांनी शेपटाची वाळू झटकली. मग त्यांना एकदम आपली बाजू सापडली.

"अगं, पण मग तेव्हाच बोलली का नाहीस? नवरा तिकडे डासांना घालून, तू आत त्या राजनबरोबर हसत बसलीस! काय एवढं बोलत होता तो?"

"ते कुठले बोलतात? पहिल्या जाहिरातीलाच झोपले, घोरत होते. मी मालिकेला हसत होते."

"ते असू दे! माहीत होतं तर मला खाली का नाही बोलावलंस?"

प्रमिलाताईंनी गजरा सारखा केला.

"बोलावलं असतं, तर राजनभावजींनी डिश लावली असती आणि तुम्ही येऊन माझ्या शेजारी बसला असता. ही कोण, तो कोण, ती का रडतेय, याचं आधी लग्न झालं होतं ना, पाणी आण. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा मी मालिका एकाही प्रश्नाला उत्तर न देता पाहिली. राजनभावजींना विचारलंय मी, पुढच्या शुक्रवारीही येऊ या म्हणून. तुम्ही आपले वर छान दिसता."