गाईचं गाईला, म्हशीचं म्हशीला

शिकलगार सरांसमोर कुणी तांबड्या रश्श्यात पांढरा ओतला, की सर आपली वाटी उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात. "टाइप जुळंना," एवढंच म्हणतात.

सर आमच्या ऑफिसात दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्राम लिहितात, तेही हॅस्केल नावाच्या भाषेत. इथं ती दुसऱ्या कुणाला येत नाही. चूक नंतर सापडून काय उपयोग, ती लिहिताच येऊ नये, हा त्यांचा हट्ट. म्हणून प्रत्येक गोष्टीचा टाइप, म्हणजे प्रकार, आधीच ठरलेला. "गाईचं गाईला, म्हशीचं म्हशीला," हे उठता-बसता.

मी गोंदियाकडची. नववीत शाळा सुटली. एक क्लास करून, चार भल्या माणसांच्या शब्दावर कोल्हापुरात या खुर्चीपर्यंत पोचले. सरांचा प्रोग्राम सांभाळता आला तरच शनिवारनंतर ठेवू, असं मालकांनी सांगितलेलं.

आणि सरच अडलेले. जनावर कळलं की त्याच्या दुधाच्या दराचा तक्ता कंपायलरनं, म्हणजे प्रोग्राम तपासणाऱ्या यंत्रणेनं, आपण होऊन निवडायचा. त्याला हॅस्केलात दोन वाटा: टाइप फॅमिली आणि फंक्शनल डिपेंडन्सी. आठवडाभर सर जणू स्थळं बघत होते. "फॅमिली देखणी हाय. डिपेंडन्सी जुनी, पर खात्रीची." चहावाल्या मामांनाही विचारून झालं. मामा म्हणाले, "दोगींच्या घरची मानसं कशी हायत?"

गुरुवारी सरांनी दोन्हींत मला मुद्दाम म्हशीचं दूध गाईच्या तक्त्यात घालायला लावलं. स्क्रीनभर लाल अक्षरं.

"काय म्हंतोय कंपायलर?"

मला एकाचाही अर्थ लागेना. "हं," म्हणून सर उठून गेले. रूमवर येऊन मी गोंदियाच्या गाडीची वेळ बघून ठेवली.

शुक्रवारी बघते तर प्रोग्राममधून दोन्ही वाटा गायब. गाईच्या दुधाचा एक टाइप, म्हशीच्या दुधाचा दुसरा, आणि दोघांची कामं वेगवेगळी लिहिलेली. साधं, लांबलचक. मालकांनाही सरांनी बोलावून घेतलेलं.

"कालचीच चूक करा ताई. आनि काय आलं ते वाचून मराठीत सांगा मोठ्यानं."

"इथं गाईचं दूध पाहिजे होतं, म्हशीचं आलंय."

"कळतंय त्यास्नी," सर मालकांना म्हणाले. "ठेवा."

दुपारी सर एकटेच डबा उघडून बसले होते. मी म्हटलं, "सर, माझ्यामुळं फॅमिली सोडावी लागली तुम्हाला."

"सोडली कुटं? घरच्या कॉम्प्युटरवर हाय की. हळूहळू शिकवतो तुमास्नी." मग भाकरी मोडत, खाली बघून म्हणाले, "लई वर्सं झाली, ह्या इषयावर बोलायला कोन न्हाय मला."

आणि पायानं शेजारची खुर्ची पुढं सरकवली.